फर्स्ट पीस

पितृपक्षात आमच्याकडे नवीन काही घेत नाहीत. मिक्सर जळाला तरी घटस्थापनेपर्यंत पाट्यावर वाटा, असा आईचा कायदा. आणि नेमका पितृपक्षातच, १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी, नाइन इंच नेल्स ह्या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम आला, डिस्नेच्या एका सिनेमासाठी केलेला. आता मी काय तो विकत घेणार नव्हतो, नुसता मोबाइलवर ऐकणार होतो, म्हणजे दोष लागत नाही अशी पळवाट काढली आणि नाशिकच्या अंबडहून सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून इअरफोन घातले. बाहेर पाऊस, गरवारे पॉइंटला नेहमीची गाड्यांची गचडी, मागच्या सीटवर दोघांचं इन्क्रिमेंटवरून रडगाणं, आणि कानात त्या बँडचा गायक ट्रेंट रेझनर.

द्वारका येईस्तोवर माझं मत तयार. चोवीस ट्रॅकपैकी अकरा ऐकून झाले होते, त्यातले तीन अर्धवट, आणि मी आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो, "पातळ आहे राव. बेसच नाही. डिस्नेच्या पैशानं धार गेली." दोन मिनिटांत एकाचं आलं, हो ना, मला पण पातळच वाटला. दुसरा म्हणे मिक्सिंग गंडलंय. आणि माझा भाचा, वय एकोणीस, ज्याला हा बँड मीच लावून दिला आणि जो आता मलाच शिकवतो, त्याने एका शब्दात विषय संपवला: "मिड आहे मामा." म्हणजे ह्या पोरांच्या भाषेत जेमतेम.

घरी आल्यावर बघतो तर इअरफोनची उजवी बाजू मेलेली. पूर्ण. डब्याच्या पिशवीत वायर दबून तुटली असणार, कधी तुटली देव जाणे, बसच्या घरघरीत कळलंच नाही. म्हणजे मी नाइन इंच नेल्सचा अर्धाच अल्बम ऐकला होता, डावीकडचा, आणि त्यावर डिस्नेला जबाबदार धरलं होतं. बरं ते माझं झालं, पण मग त्या "मला पण पातळच वाटला" वाल्याचं काय? त्याला रविवारी चहाच्या टपरीवर धरला, तुझे पण इअरफोन गेलेत का रे? तर म्हणतो, मी कुठं ऐकलाय अजून, तू म्हणाला म्हणून मी म्हणालो.

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे, पण मला ती दोन दिवस टोचत राहिली. कारण माझा धंदाच पहिल्या मताचा आहे.

मी अंबडच्या एका छोट्या टर्निंग शॉपमध्ये, म्हणजे लेथवर सुटे भाग कातणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. आमच्याकडे शिफ्ट सुरू झाली की, आणि मध्ये टूल बदललं, सेटिंग बदललं की परत, सेटर पहिला पीस काढतो आणि माझ्या टेबलावर आणून ठेवतो. मी व्हर्नियर लावतो, मायक्रोमीटर लावतो, ड्रॉइंगवरचं माप एका रकान्यात, आलेलं माप दुसऱ्या रकान्यात. वर मशीन नंबर, ऑपरेटर, वेळ, खाली सही. ह्या कागदावर "कसा वाटला" असा रकाना नसतो. मिड तर नसतोच नसतो. आणि जो माणूस चार महिने जरी शॉपवर राहिला त्याला हे माहीत असतं की रात्रभर थंड पडलेल्या सीएनसीवरचा पहिला पीस आणि तासाभरानंतरचा पीस एका मापाचे येत नाहीत, स्पिंडल गरम झालं की साइज सरकते, पंधरा-वीस मायक्रॉन सहज, मग सेटर ऑफसेट देतो, म्हणजे मशीनला तेवढा फरक भरून देतो, आणि गाडी रुळावर येते. त्यामुळे पहिल्या पीसवरून आम्ही अख्खा लॉट पास करत नाही आणि अख्खा लॉट भंगारातही टाकत नाही. पण "मशीन गरम होऊ द्या, पन्नास पीस निघू द्या, मग बघू" असं कुणी म्हणलं तर त्याला पण वेड्यात काढतील. पहिला पीस बघायचाच असतो, नीट बघायचा असतो. शिवाय दोनशे पीस हातातून गेल्यावर डोळ्याला साधी बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा कोर, दिसेनाशी होते. पहिल्या पीसला जे दिसतं ते डोळा ताजा असतो म्हणून दिसतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आवडत्या बँडचा अल्बम आल्यावर पहिल्या रात्री जे मत आपण देतो ते ह्या फर्स्ट पीस रिपोर्टसारखं असावं. द्या, भरपूर द्या, त्याच रात्री द्या, पण काय ऐकलं ते लिहा, कशावर ऐकलं ते लिहा, किती ऐकलं ते लिहा. निकाल लावू नका. आपण नेमकं उलटं करतो, माप एकही लिहीत नाही आणि खाली रिजेक्टचा शिक्का तेवढा मारतो.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाइन इंच नेल्स म्हणजे बरीच वर्षं एकटा ट्रेंट रेझनरच. क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत झाडूपोछा आणि वरकाम करायचा आणि स्टुडिओ रिकामा असला की त्याच मशीनवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. त्यातनं १९८९ चा पहिला अल्बम झाला. तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत कधी पंच्याहत्तराच्या वर गेला नाही, पण शंभराहून जास्त आठवडे यादीत चिकटून होता, ह्यातच पहिल्या आठवड्याच्या मताची काय किंमत ते आलं. ह्या संगीताला इंडस्ट्रियल म्हणतात. हे नाव १९७६ साली इंग्लंडमधल्या थ्रॉबिंग ग्रिसल नावाच्या मंडळींनी काढलेल्या रेकॉर्ड कंपनीवरून पडलं. पुढे बर्लिनच्या एका बँडने तर पत्रे, पाइप आणि ड्रिल मशीन स्टेजवर वाजवलं. आमच्या सातपूर-अंबडच्या माणसाला ह्यात नवल वाटायचं कारण नाही, पॉवर प्रेसच्या स्ट्रोकवर मान डोलावणारे हेल्पर मी रोज बघतो.

आणि नाशिककराला तर गोंगाटातली लय समजावून सांगायला नको. अल्बम यायच्या तेराच दिवस आधी विसर्जन झालं होतं. वाकडी बारवेपासून रामकुंडापर्यंत जी मिरवणूक निघते त्यात तुम्ही पथकाच्या अगदी पुढे, ढोलाच्या तोंडाशी उभे राहिलात तर छातीत नुसती धडधड बसते, ताशा ऐकूच येत नाही. तीच मिरवणूक रविवार कारंजाच्या पलीकडच्या फुटपाथवरून ऐका, ताशाची प्रत्येक काडी मोजता येते, मधला टोल कुठं पडतो तेही कळतं. मग मिरवणूक कशी होती? ढोल गचाळ होता की ताशा भारी होता? उभं कुठं होतास ते आधी सांग ना भो.

हे "कुठं उभा होतास" बँडलाही कळतं, आपल्यालाच कळत नाही. २०१३ च्या हेझिटेशन मार्क्स ह्या अल्बमचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, त्यांनी दोन प्रकारे केलं होतं, एक नेहमीचं ठोसेबाज, आणि एक चांगल्या स्पीकरवर शांतपणे ऐकणाऱ्यांसाठी, ज्यात हळू-मोठ्या आवाजातलं अंतर जास्त राखलंय. गाणी तीच, आणि दोन्ही ऐकलेल्या दोन माणसांची मतं वेगळी निघणार, दोन्ही खरी. माझं तिसरं, एका कानाचं.

आता द फ्रॅजाइलकडे येतो, कारण पहिलं मत खरं की नंतरचं, ह्या भांडणात तोच माझा मुख्य साक्षीदार. १९९४ च्या द डाउनवर्ड स्पायरलने हा माणूस जगभर गेला आणि मग साडेपाच वर्षं लोकांनी वाट बघितली. १९९९ च्या सप्टेंबरात आल्या त्या दोन सीड्या, तेवीस ट्रॅक. पहिल्या आठवड्यात बिलबोर्डला एक नंबर आणि दुसऱ्या आठवड्यात धाडकन सोळावर. पिचफोर्क ह्या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटवाल्यांनी तेव्हा दहापैकी दोन मार्क दिले, दोन, आमच्या पॉलिटेक्निकच्या मॅथ्स थ्रीमध्ये पण मला ह्याच्यापेक्षा बरे पडले होते. आणि त्याच पिचफोर्कने २०१७ साली त्याच अल्बमच्या नव्या आवृत्तीला आठाच्या वर मार्क दिले. अठरा वर्षांत गाणी तर बदलली नव्हती.

हे उदाहरण जुने फॅन नेहमी फेकतात आणि त्याचा अर्थ असा लावतात की बघा, पहिलं मत चुकीचं असतं, थांबायला शिका. मला तो अर्थ पटत नाही. त्या वेळची तक्रार काय होती? फार लांब आहे, रेडिओवर चालेल असं गाणं नाही, शब्द कमी आणि नुसतंच वाजवणं जास्त. ह्यातलं खोटं काय होतं सांगा? अल्बम आजही तेवढाच लांब आहे, आजही त्यात रेडिओवर चालेलसं गाणं नाही, आजही त्यात निम्मा वेळ हा माणूस गातच नाही. माप बरोबर घेतलं होतं. चूक झाली ती खालच्या शिक्क्यात. लांब आहे म्हणून फेल. आणि पुढे जे लोक त्या अल्बमच्या प्रेमात पडले ते नेमके त्या लांबीमुळेच पडले, त्या न गाण्यामुळेच पडले. म्हणजे १९९९ च्या पहिल्या रात्रीची मापं लिहिलेली वही कुणाकडे असेल तर ती आजही उपयोगाची आहे, दोन मार्कांचा मात्र आज विनोद झालाय.

(माझं स्वतःचं सांगू का, मला द फ्रॅजाइल मिळाला २००१ ला, मित्राच्या मोठ्या भावाने पुण्याहून कॉपी मारून आणलेली सीडी. एकच. दुसरीही असते हे मला वर्षभर माहीतच नव्हतं आणि तोपर्यंत मी चारचौघांत "शेवट जमला नाही त्याला" असं ठोकून द्यायचो. अर्धं ऐकून पूर्ण बोलायची खोड जुनीच आहे.)

२०१८ चा बॅड विच पण असाच. सहा गाणी, जेमतेम अर्धा तास, आणि तरी त्याला पूर्ण अल्बम म्हणायचं, आणि वर रेझनर त्यात चक्क सॅक्सोफोन वाजवतोय. लोक चिडले, सहा गाण्यांत अल्बम म्हणून उल्लू बनवता का. त्यावर त्याचं उत्तर होतं की ईपी, म्हणजे छोटा अल्बम, म्हणून टाकलं तर स्ट्रीमिंगच्या यादीत ते सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या, ढिगाऱ्यात हरवून जातं. सॅक्सोफोनबद्दल मी पण तेव्हा वाईट बोललो होतो, सनईवाल्याला चुकीच्या लग्नात बोलावल्यासारखं वाटतं असं काहीतरी. ते वाटणं खरं होतं, आजही पहिल्या पाच सेकंदांना तसंच वाटतं. फक्त आता मला त्याच पाच सेकंदांची वाट बघायला आवडतं.

आता दुसऱ्या पार्टीला धरतो. ही "दहा वेळा ऐक मग बोल" वाली पार्टी, ह्यात माझ्या वयाचे जास्त. ह्यांचं म्हणणं, आमच्या वेळी कॅसेट घेतली की महिना महिना तीच ऐकायचो, मग कुठं गाणं उलगडायचं, आजकालच्या पोरांना धीर नाही. ऐकायला फार गोड वाटतं. पण खरं सांगा, महिनाभर का ऐकायचो? दुसरी घ्यायला पैसे नसायचे म्हणून. खिशातले पैसे घालवलेत तर वस्तू वाईट कशी म्हणायची, हा मनाचा हिशोब होता तो, त्याला रसिकता म्हणायचं का? रॉबर्ट झायोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोग करून दाखवलं होतं की माणसाला अर्थ नसलेले शब्द, न कळणारी अक्षरं, अनोळखी चेहरे, काहीही पुन्हा पुन्हा दाखवा, जितक्या जास्त वेळा दाखवाल तितकं ते बरं वाटायला लागतं. नुसतं परत परत समोर आलं म्हणून! मग दहा वेळा ऐकल्यावर आवडलेला अल्बम चांगला होता म्हणून आवडला की दहा वेळा ऐकला म्हणून? शेजारच्या मांडवात नऊ दिवस लागणारं गाणं दहाव्या दिवशी आपण आंघोळ करताना गुणगुणतोच की.

म्हणून दहाव्या ऐकण्यानंतरचं मत शुद्ध आणि पहिलं मत उथळ, असली वर्णव्यवस्था मला मान्य नाही. तो दोनशे पीस बघितलेला डोळा. त्याला सरावाने बारकावे दिसतात हे कबूल, पण बर दिसत नाही हेही तितकंच खरं. पहिल्या रात्री खटकलेली जागा, कोरस एकदा जास्तच येतो, अमुक ठिकाणी की-बोर्डचा आवाज स्वस्त वाटतो, हे लिहून ठेवलं नाही तर पंधरा दिवसांनी तुम्हाला स्वतःलाच आठवणार नाही की ते कधी खटकलं होतं. आणि जुन्या फॅनला तर ते विसरायचंच असतं, वीस वर्षांचं नातं पणाला लागलेलं असतं त्याचं.

बरं, एवढं काय त्यात, मित्रांच्या ग्रुपवर टाकलेलं मत म्हणजे काय कोर्टाचा निकाल आहे का, असं माझी बायको म्हणाली. ग्रुपवर राहिलं तर नाहीच. पण ते राहत नाही ना. स्पॉटिफायवर एक गाणं ऐकलं असं मोजायला तीस सेकंद पुरतात. तीस सेकंदांत विलंबित ख्यालाचं पहिलं आवर्तन पण होत नाही. आपल्याकडच्या मराठी सिनेमाचं बघा. शुक्रवारी लागतो, दुपारच्या शोमधनं बाहेर पडलेला कुणीतरी पार्किंगमध्येच मोबाइलसमोर उभा राहून स्टार देतो, शनिवारी ते स्टार शंभर ठिकाणी फिरतात, बघितलेल्यांपेक्षा न बघितलेले लोक जास्त बोलतात, आणि सोमवारी शो कमी झालेले असतात. मंगळवारी तुम्ही म्हणाल आज जाऊ, तर सकाळी सव्वानऊचा एक शो उरलेला. बघून ठरवायची संधीच संपली. बँडचं तसं नाही, रेझनर काय आमच्या ग्रुपमुळे उपाशी मरणार नाही, पण सवय एकच आहे. बघितलेल्याने बघितलं ते सांगायच्या ऐवजी निकाल सांगायचा आणि न बघितलेल्याने "मला पण पातळच वाटला" म्हणायचं. नाटकाला अजून तरी थोडी माया आहे. कालिदास नाट्यगृहात पंचविसाव्या प्रयोगाला गेलेला माणूस जाहिरातीत तो आकडा बघूनच जातो, त्याला माहीत असतं की शुभारंभाच्या प्रयोगापेक्षा हे वेगळं काहीतरी बसलेलं असणार.

फॅन लोकांची अजून एक गोची वेगळी आहे, ती साध्या ऐकणाऱ्याला नसते. ड्रॉइंगची. माप घेताना समोर ड्रॉइंग कुठलं ठेवलंय? शाफ्ट हातात घेऊन बुशचं ड्रॉइंग लावलं तर प्रत्येक शाफ्ट रिजेक्टच होणार. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या टेबलावर १९९४ चं ड्रॉइंग आहे, ते लॅमिनेट करून ठेवलंय, त्यात राग इतके मिलिमीटर, आरडाओरडा इतके मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य. आणि हा नवा अल्बम मुळात सिनेमाचं संगीत आहे, ट्रॉन: एरीज नावाच्या. चोवीस ट्रॅकमध्ये गायलेली गाणी फक्त चार, बाकी सगळं पडद्यावर काहीतरी चालू असताना मागे वाजायला केलेलं. आणि पडदा तर अजून उघडलाच नव्हता, सिनेमा आला १० ऑक्टोबरला. म्हणजे तीन आठवडे आम्ही सगळे जण वरातीशिवाय बँड ऐकून वरातीला नावं ठेवत होतो.

हे मी भाच्याला मोठ्या रुबाबात सांगितलं, की बाबा ड्रॉइंग बघ आधी. तो म्हणाला, "मामा, पण नाव त्यांनीच लावलं ना?" आणि इथे मी अडकलो, कारण मुद्दा बरोबर आहे. रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस (बँडमधला त्याचा जोडीदार) हे दोघं गेली पंधरा वर्षं सिनेमांना संगीत देतायत, द सोशल नेटवर्कला ऑस्कर मिळालं, सोलला मिळालं, पण ती कामं त्यांच्या स्वतःच्या नावांवर, बँडच्या नाही. सिनेमाच्या संगीतावर नाइन इंच नेल्स हे नाव त्यांनी पहिल्यांदाच छापलं. ड्रॉइंग नंबर त्यांनीच टाकला, आता फॅनने त्याच ड्रॉइंगने मोजलं तर त्याला दोष कसा द्यायचा? मी म्हणलं, हां, हे लिही. "मिड" लिहू नको, हे लिही. हे वाचून कळतं काहीतरी.

शनिवारी, म्हणजे अल्बम आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एका मित्राच्या गाडीत नीट ऐकला. त्याच्या गाडीत स्पीकरवर गाडीच्या हप्त्याएवढा खर्च झालाय. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जाऊन गाडी कडेला लावली, पाऊस काचेवर, वायपर बंद कारण त्याची खडखड बीटमध्ये शिरते, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकही शब्द न बोलता, फक्त एकदा मक्याचं कणीस विकणारा काचेवर टकटक करून गेला तेवढंच. बेस होता. अगदी सीटखालून येत होता, आरशाची काच थरथरत होती. आदल्या दिवशी जे मला पातळ वाटलं होतं त्यातलं निम्मं उजवीकडे होतं, एक घासल्यासारखा आवाज डावीकडून उजवीकडे सरकत जातो आणि मला तो बसमध्ये मध्येच विझल्यासारखा वाटला होता, मी त्याला एडिटिंगची चूक समजलो होतो. आणि बाराव्या ट्रॅकवर, म्हणजे बसमधनं उतरताना मी जिथे थांबलो त्याच्या बरोब्बर पुढच्याला, एक संथ गाणं आहे, सोबत एका मुलीचा आवाज, अजिबात ह्या बँडसारखं नाही. ते ऐकताना मित्राने आवाज कमी केला, मी परत वाढवला.

पण पातळपणाची तक्रार पूर्णच खोटी होती असंही नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. दोन्ही कानांनी, भारी स्पीकरवर, पावसात ऐकूनसुद्धा मधले काही छोटे ट्रॅक मला आले आणि गेले असेच वाटले, कुठला कुठं संपला ते कळलं नाही. सिंगल जुलैतच येऊन गेलेलं, त्यामुळे तिसऱ्या ट्रॅकला अंगावर जे यायला पाहिजे ते येत नाही, ते आधीच येऊन गेलेलं असतं. हे दोन्ही मुद्दे मी बसमध्ये पण लिहू शकलो असतो. लिहिले नाहीत, कारण "डिस्नेच्या पैशानं धार गेली" हे वाक्य जास्त चटपटीत होतं आणि मला चार लाइक्स पाहिजे होते.

ह्या बँडनेच २००७ ला इयर झिरो काढला तेव्हा त्याच्या सीडीवर उष्णतेने रंग बदलणारा लेप होता. खोक्यातनं काढली की काळी, आणि प्लेअरमध्ये वाजून तापून बाहेर आली की पांढरी, त्यावर काळ्या अक्षरांत शून्य आणि एकचे आकडे. काळी असताना जो म्हणाला "सीडी काळी आहे" तो बरोबरच होता. त्याने फक्त "अजून वाजवलेली नाही" एवढं पुढे जोडायचं होतं.

तर त्या शनिवारी रात्री मी ग्रुपवर नवीन मेसेज टाकला. तारीख, वेळ, गाडीतले स्पीकर, चोवीस ट्रॅक पूर्ण, आधीच्या मेसेजच्या वेळी उजवा इअरफोन बंद होता, सिनेमा बघितलेला नाही. मग खटकलेल्या तीन जागा आणि आवडलेल्या चार. खाली मार्क नाहीत, स्टार नाहीत. एकाने विचारलं, हे काय इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे का? म्हणलं हो. ज्याने न ऐकता पातळ म्हणलं होतं त्याने अंगठा दाखवला आणि अजूनपर्यंत ऐकलेला नाही, तेही त्याने दिवाळीला स्वतःच सांगितलं, ही प्रगती म्हणायची.

भाचा अजून मिडच म्हणतो. फक्त आता तो सांगतो की सोळावा ते विसावा हा पट्टा काढून टाकला असता तरी काही बिघडलं नसतं, आणि ते संथ गाणं त्याला बिलकुल चालत नाही, "मामा ते सिरियलच्या टायटलसारखं आहे." मी म्हणलं तुझे इअरफोन चेक कर. त्याने दोन्ही काढून माझ्या हातात ठेवले. दोन्ही चालू होते.